गच्चीवरच्या चादरी

"ते सगळं राहू द्या हो. माझं प्रिंटचं बटण कुठं गेलं, ते सांगा आधी," नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला.

"गेलं कुठं नाही. वरचं खाली आलंय."

"का पण? वर काय त्रास होता त्याला?"

बैठकीच्या खोलीत हशा पिकला. समोरच्या भिंतीवर लिनक्स ह्या मोफत संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीचा पडदा दिसत होता आणि त्याच्या उजेडात हातात पट्टी घेऊन पेंग्विन उभा होता. रुग्णालयातले सगळे संगणक तोच सांभाळायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्सची खूण असलेल्या पेंग्विनचं चिकटचित्र होतं, शिवाय तो चालायचाही जरा डुलत डुलत. दोन पुरावे मिळाल्यावर लोक तिसऱ्याची वाट बघत नाहीत.

"आता हे बघा," त्याने पट्टी फिरवली. "मशीन निम्म्या वेळात सुरू होतं. संध्याकाळी पडद्याचा उजेड आपोआप पिवळट होतो, डोळ्यांना त्रास नाही. अक्षरं मोठी करायला एकच बटण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही दीर्घ साथीची आवृत्ती आहे. पुढची पाच वर्षं हिच्या दुरुस्त्या मिळत राहणार. पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्षांची हमी मला लग्नात पण कुणी दिली नव्हती," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या क्वचित विनोद करत, त्यामुळे सगळे जरा जास्तच हसले.

हसणं ओसरल्यावर कारकुनाने विचारलं, "पडद्यामागची चित्रं? मागच्या वेळी ते बर्फाचं होतं, तसं काही नवीन?"

"आहेत. काही खास नाहीत," पेंग्विन म्हणाला आणि त्याने पुढचं पान काढलं.

त्या चित्रांपैकी एक त्याच्या बायकोने काढलेलं होतं.

दर दोन वर्षांनी अशी मोठी आवृत्ती निघायची तेव्हा पडद्यामागच्या चित्रांसाठी स्पर्धा व्हायची. जगातल्या कुणीही स्वतः काढलेलं छायाचित्र पाठवावं. निवडून आलं तर ते आवृत्तीबरोबर लाखो संगणकांवर जातं. बक्षीस काही नाही, फक्त चित्राखाली बारीक अक्षरांत नाव. पेंग्विन त्या बारीक अक्षरांसाठी बारा वर्षं झुरत होता.

तो मन लावून काढायचा, ह्यात शंका नाही. गावाबाहेरच्या तळ्यावर पहाटे जायचा, तिपाई रोवायचा, ढग मनासारखे येईपर्यंत डास मारत बसायचा. डावीकडे पडद्यावरची चिन्हं बसतात म्हणून डावीकडे मोकळं पाणी, उजवीकडे एक झाड, मध्ये काहीच नाही. घरातल्या भिंतीवर अशी सहा तळी लावलेली होती. पाहुणे म्हणायचे, छान आहे, कुठलं तळं? तो म्हणायचा, सगळी एकच आहेत. त्यावर पाहुण्यांना पुढे काही सुचायचं नाही.

दर वेळी निकाल लागला की तो निवडलेली चित्रं मोठी करकरून बघायचा आणि खोट काढायचा. ह्याचं क्षितिज तिरकं आहे. ह्याने रंग भडक केलेत. एकदा एका शाळकरी मुलीने काढलेलं मांजर निवडलं गेलं तेव्हा त्याने दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या पैशाचा, घराचा, गाडीचा त्याला कधी हेवा वाटला नाही. पण ह्या एका बाबतीत त्याच्या पोटात असं दुखायचं की विचारू नका.

बायको त्याच रुग्णालयात सिस्टर होती, बायकांच्या वॉर्डात. तिला ह्या दुखण्याची पूर्ण कल्पना होती. निकालाच्या आठवड्यात ती घरात आवाज न करता वावरायची आणि चहा जरा गोड करायची.

यंदा तो आपली दोन चित्रं पाठवत असताना ती बाजूला बसून बटाटे सोलत होती. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "तुझंही टाकू का एखादं? फोनमध्ये असेल काहीतरी."

"माझं? कशाला उगाच जागा अडवायची."

"अगं, टाकू की. जागेला काय तोटा?"

मोठेपणा स्वस्तात मिळत होता, म्हणून त्याने तो घेतला. तिच्या फोनमध्ये पेशंटच्या बाळांचे, किराणा दुकानाच्या पाटीचे आणि स्वतःच्या अंगठ्याचे फोटो होते. त्यांतच एक रुग्णालयाच्या गच्चीवरचा होता. रात्रपाळी संपवून ती वर हवा खायला गेली असताना काढलेला. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींची रांग, सगळ्या एका बाजूला फुगलेल्या, आणि खाली कोपऱ्यात चुकून आलेली तिची सावली. त्याने तो पाठवला आणि नावाच्या जागी तिचं नाव घातलं. चित्र कुणाचं हे लिहायच्या परवान्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. ज्याने काढलं त्याचंच नाव. त्यात त्याने आयुष्यात कधी लबाडी केली नव्हती.

निकाल लागला तेव्हा तो कामावर होता. यादीत आधी त्याने आपलं नाव शोधलं आणि ते नव्हतं. मग सवयीप्रमाणे खोट काढायला एकेक चित्र उघडू लागला, तर चौथं उघडलं आणि समोर चादरी. खाली बायकोचं नाव. आणि परीक्षकांची एक ओळ: ह्या चित्रात वारा दिसतो.

वारा दिसतो म्हणे! वारा काय तिने आणला होता? वारा तर होताच तिथे. तिथे कुणीही उभं राहिलं असतं तरी दिसला असता. आणि ती सावली? सावली कोपऱ्यात आलीय ती दिसली नाही का परीक्षकांना? तो खुर्चीत बसूनच राहिला. आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं. आनंदाची त्याने थोडा वेळ वाटही पाहिली. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चांगला कॅमेरा आणि तिपाई घेऊन रुग्णालयाच्या गच्चीवर गेला. चादरी त्याच, दोऱ्याही त्याच. वारासुद्धा सुटला होता. तासभर त्याने फोटो काढले, वाकून, बसून, एकदा तर पालथा पडून. कपडे धुणारा बादली घेऊन वर आला आणि बघतच राहिला.

"काय साहेब, चादरी चोरीला जातात का?"

"नाही. सहज."

"मग पालथे का पडलाय?"

खाली येऊन त्याने सगळे फोटो बघितले. एकेक रेघ सरळ होती. उजेड बरोबर पडला होता. आणि प्रत्येक फोटोत धुणं होतं, नुसतं धुणं. त्याने ते सगळे पुसून टाकले.

त्या संध्याकाळी बायकोने घडी घालता घालता विचारलं, "निकाल लागायचा होता ना हो?"

"लांबलाय."

"यंदा तुमचं लागणार बघा. ते शेवटचं तळं फार छान आलंय. नाही घेतलं तर त्यांना डोळेच नाहीत म्हणायचं."

"हं."

"माझं नका धरू मनात. ते आपलं गंमत म्हणून."

गंमत म्हणून! हाच शब्द त्याच्या जिव्हारी लागला. तिने निदान थोडी मेहनत घेतली असती, एखादी पहाट थंडीत काढली असती, तर त्याने मन मोठं केलं असतं, असं त्याला वाटलं. पाळी संपवून, पाय दुखत असताना, फुटक्या काचेच्या फोनवर एकदा बोट लावायचं आणि खाली येऊन झोपायचं, ह्याला काय अर्थ आहे? आज सांगू, उद्या सांगू करत तो रोज ढकलत गेला, आणि ती रोज विचारत गेली. विचारताना तिचा चेहरा इतका सरळ असायचा की त्याला तिचा रागच यायचा.

आता नवी आवृत्ती सगळ्या संगणकांवर चढवणं भागच होतं, कारण जुनीची साथ संपत आली होती. बैठक झाली आणि आठवडाभरात, रोज कामाची वेळ संपल्यावर, त्याने एकेक मशीन बदललं. पडदा उघडल्यावर जे चित्र आपोआप दिसायचं ते वेगळं होतं, कसलेसे निळे पट्टे. पण चादरी यादीत होत्या. रुग्णालयातल्या लोकांना मागचं चित्र बदलायचा नाद होता. दुसरं काही शिकले नसले तरी तेवढं सगळे शिकले होते. आज ना उद्या कुणीतरी गच्ची ओळखणार आणि खालचं नाव वाचणार. मग पाच वर्षं प्रत्येक टेबलावर, प्रत्येक खिडकीवर, तिच्या चादरी फडफडणार आणि तो त्यांच्यासमोर वाकून केबल जोडत राहणार.

रविवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद असताना तो आपल्या खोलीत बसला. इथून एक आज्ञा दिली की ती सगळ्या संगणकांवर चालत असे. त्याने आज्ञा लिहिली: चित्रांचा संच काढून टाक. संगणकाने विचारलं, त्याच्याशी बांधलेलं आणखी एक नाव आहे, तेही काढू का? तो हो म्हणाला. मग हात सफाईला चटावलेला, म्हणून त्याने नेहमीची पुढची आज्ञाही देऊन टाकली: ज्याला आता कुणी वाली नाही, ते सगळं झाडून काढ.

एरवी ती यादी तो वरपासून खालपर्यंत वाचायचा. नव्या पोरांना त्याने कितीदा सांगितलं होतं की ‘हो’ म्हणायच्या आधी वाचा. त्या दिवशी त्याने वाचली नाही. चित्रांशी बांधलेलं ते नाव म्हणजे अख्ख्या पडद्याची मोळी बांधणारी दोरी होती. दोरी सुटली आणि खिडक्या, चिन्हं, बटणं, संगणकांमधल्या जाळ्याची जोडणीसुद्धा बेवारशी ठरली. चालू मशीनवर लगेच काही दिसत नाही. रविवारी वॉर्डातही वहीवरच काम चालायचं, म्हणून त्याने सगळे संगणक बंद केले आणि बऱ्याच दिवसांनी हलक्या मनाने घरी गेला.

सोमवारी सकाळी रुग्णालयात एकही पडदा उजळला नाही. सगळीकडे काळं, आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ‘नाव सांगा’ म्हणून एक ओळ लुकलुकत होती. नोंदणीची रांग फाटकापर्यंत गेली. प्रयोगशाळेचे अहवाल मुख्य संगणकावर सुखरूप होते, पण बघायचे कशावर? कारकून हाताने चिठ्ठ्या लिहीत होता आणि दर चिठ्ठीला पेंग्विनच्या नावाने बोटं मोडत होता.

मेट्रनबाई त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालंय? शस्त्रक्रियेचा पेशंट खोळंबलाय माझा. त्याचा रक्ताचा रिपोर्ट प्रयोगशाळेच्या वहीतून फोनवर वाचून घ्यावा लागला. तुम्ही काही केलंत का?"

"नवीन आवृत्ती आहे ना," तो म्हणाला. "नवीन म्हटलं की असं थोडंफार..."

"ह्याच आवृत्तीची पाच वर्षं हमी देत होतात तुम्ही."

हेच संगणक मोफतच्या लिनक्सवर चालवावेत म्हणून तो बारा वर्षं व्यवस्थापनाशी भांडला होता, आणि आज स्वतःच्या हातून घडलेलं त्याने त्या आवृत्तीच्याच माथी मारलं. ते त्याला चादरींपेक्षाही जास्त लागलं. पण लागून घ्यायला वेळ नव्हता. जाळंच तुटलेलं असल्यामुळे खोलीत बसून काही होणार नव्हतं. प्रत्येक मशीनपाशी जायचं, पेनड्राइव्ह लावायचा आणि सगळं पहिल्यापासून चढवायचं. जसं आलं होतं तसं, चित्रांसकट.

त्यात आणखी एक पंचाईत होती. चढवणं चालू असताना वेळ जावा म्हणून पडद्यावर ‘नवीन काय आहे’ अशी चित्रफीत फिरत राहते. वेगवान सुरुवात, डोळ्यांना सुखाचा उजेड, मोठी अक्षरं, आणि शेवटी, ‘तुमच्यातल्याच काहींनी काढलेली चित्रं’. त्या पानावर परीक्षकांनी सगळ्यांत वरचं ठरवलेलं एकच चित्र होतं. ते कुठलं, हे सांगायला नको.

म्हणून तो प्रत्येक ठिकाणी काम सुरू करायचा आणि पडदा बंद करून टाकायचा. "हात लावू नका," असं दटावून पुढे जायचा. नोंदणी झाली, औषधांची खिडकी झाली, प्रयोगशाळा झाली. बायकांचा वॉर्ड त्याने शेवटी ठेवला होता.

बायको दिवसपाळीला होती. टेबलाशी उभं राहून हाताने औषधांच्या वेळा लिहीत होती. त्याला बघून म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंत का? डबा आहे माझ्या कपाटात."

"नको. हे होऊ दे आधी." त्याने पेनड्राइव्ह लावला, काम सुरू केलं, पडदा बंद केला. "पाऊण तास लागेल. हात लावू नको."

तेवढ्यात मेट्रनबाईंनी त्याला बाहेर व्हरांड्यात हाक मारली. कुणाकुणाची मशीन झाली, कुणाची राहिली, हे सगळं त्यांना उभ्या उभ्या हवं होतं. तो परत आला तेव्हा पडदा चालू होता. बायको त्याच्यासमोर उभी होती, औषधांचा ट्रे हातात तसाच.

"किती राहिलंय ते बघावं म्हणून लावला," ती म्हणाली. पडद्यावर मोठी अक्षरं करायचं बटण कसं दाबावं ते दिसत होतं. "मघाशी आपली गच्ची दिसली हो त्यात."

तो वाकून पेनड्राइव्ह नीट बसलाय का ते बघू लागला.

"खाली माझं नाव होतं."

"हो."

"निकाल लागला म्हणजे."

"हो."

"कधी?"

खोटं बोलायची सवय तीन आठवड्यांत लागते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जमेना. "झाले वीसेक दिवस."

तिने ट्रे टेबलावर ठेवला. बाटल्या सारख्या केल्या, खरं तर त्या सारख्याच होत्या. "आणि मी रोज विचारत होते," ती हळू म्हणाली. मग काळे पडलेले पडदे, रविवारची दुपार आणि घरी आल्यावर त्याने गुणगुणलेलं गाणं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलेलं त्याला दिसलं. ती संगणकातली नसली तरी त्याला चांगली ओळखत होती. "हे सगळं त्याच्यासाठी केलंत?"

तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. वॉर्डासमोर ओरडली असती तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

पण वॉर्डातली आयाबाई मघापासून खाटेची गादी सारखी करता करता पडद्याकडे बघत होती. चित्रफीत फिरून पुन्हा शेवटच्या पानावर आली आणि आयाबाई किंचाळलीच. "अगं बाई! ही तर आपली गच्ची! सिस्टर, तुमचं नाव आहे खाली! कॉम्प्युटरमध्ये नाव आलं तुमचं!"

तिच्या आवाजाने मेट्रनबाई आत आल्या. मागोमाग कारकूनही आला, पेंग्विनला दोन शब्द सुनावायला निघाला होता तो. सगळे पडद्यापुढे जमले. एका पेशंटची म्हातारी आईसुद्धा उठून आली.

"जगभर जातं हे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हो," बायको म्हणाली. "ह्यांची स्पर्धा असते ना दर वेळची. हा फोटो ह्यांनीच काढलाय. नाव तेवढं माझं घातलं."

पेंग्विनने चमकून वर पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. इतक्या साध्या आवाजात म्हणाली होती की त्याला क्षणभर खरंच वाटलं.

"वा!" कारकून सुनावायला आला होता ते विसरून गेला. "म्हणजे त्या दिवशी विचारलं तर ‘काही खास नाहीत’ म्हणालात, ते हे होय? बायकोचं नाव! आणि आम्ही सकाळपासून तुम्हाला शिव्या घालतोय."

"माझ्यासाठी आठवणीने फूल आणायचं होत नाही लोकांकडून," आयाबाई म्हणाली. तिचा रोख घरच्या कुणावर तरी असावा.

मेट्रनबाईंच्या कपाळावरच्या आठ्या सकाळपासून पहिल्यांदाच गेल्या. "वारा काय छान आलाय हो ह्यात," त्या म्हणाल्या. "ही दृष्टी लागते माणसाला."

बारा वर्षं तो हेच शब्द ऐकायला तरसला होता. आता ते त्याच्यासाठीच बोलले जात होते, त्याच्या तोंडावर, चारचौघांत. आणि ज्याच्यासाठी त्याने इतक्या पहाटा घालवल्या ते तिने कडेच्या पेशंटला पाणी द्यावं तसं सहज देऊन टाकलं होतं. त्याला लाज वाटली. त्या लाजेच्या तळाशीही हेवाच होता. इतकं सहज देऊन टाकणंही तिलाच जमलं होतं.

"फोटो तिचा आहे," तो म्हणाला.

"हो, नाव आहेच की तिचं."

"तसं नाही. काढलाय तिने. मी नाही काढला." त्याचा आवाज चढला. "मी परवान्यावर खोटं नाव कधी घालत नाही. तिनेच काढलाय, फोनवर. मला असा येत नाही."

सगळे हसले, कौतुकाने. म्हाताऱ्या आईने त्याच्या दंडावर थोपटलं. "असा जावई मिळायला भाग्य लागतं," ती आयाबाईला म्हणाली. कारकून म्हणाला, "बघा, अजून कबूल करत नाही पठ्ठ्या."

"अहो, खरंच सांगतोय मी!"

पण हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागला. बाहेर रांग होती. पडद्यावर चढवणं पूर्ण झाल्याची सूचना आली आणि पेंग्विनने तिच्याखालचं बटण दाबलं. मशीन पुन्हा सुरू होऊ लागलं. त्याने मान वळवून पाहिलं. बायको खिडकीजवळच्या खाटेपाशी उभी होती. पेशंटचं मनगट तिच्या बोटांत होतं, नजर हातातल्या घड्याळावर. ओठांतल्या ओठांत ती ठोके मोजत होती आणि मोजून झाल्यावरही तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.